मणक्याच्या गादीवरील अल्पछेदी उपचार

कंबरेच्या मणक्यांमधील गादी (चकती) सरकल्यामुळे होणाऱ्या वेदना व दाह यांवर, स्नायू फारसे न कापता, सुईद्वारे किंवा लहान छेदातून केल्या जाणाऱ्या उपचारांना अल्पछेदी उपचार म्हणतात.

कारणे

गादीच्या मध्यभागी मऊ गर व त्याभोवती तंतुमय कडे असते. कडे फाटून गर बाहेर आला की शेजारच्या मज्जातंतूच्या मुळावर दाब पडतो. शिवाय गरातील द्रव्यांमुळे तेथे दाह होतो. त्यामुळे कंबरेतून पायात कळ उतरते. तिला सायटिका म्हणतात. कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांमध्ये हा विकार सर्वाधिक आढळतो.

इतिहास

सरकलेली गादी व सायटिका यांचा संबंध मिक्स्टर व बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ साली स्पष्ट केला. १९६० च्या दशकात लायमन स्मिथ यांनी पपईच्या चिकापासून मिळणारे कायमोपपेन हे विकर टोचून गर विरघळवण्याची पद्धत वापरली. तीव्र ॲलर्जीच्या धोक्यामुळे ती पुढे मागे पडली. १९७५ साली जपानमधील हिजिकाता यांनी त्वचेतून नळी घालून गर काढला. १९७७ पासून सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया रूढ झाली.

पद्धती

* स्टेरॉइडचे इंजेक्शन: मज्जातंतूच्या मुळाजवळ औषध सोडून दाह कमी करतात. आराम बहुधा तात्पुरता असतो.
* सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रिया: दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून मज्जातंतूवर दाब आणणारा भाग काढतात.
* दुर्बिणीतून शस्त्रक्रिया: सुमारे एक सेंटिमीटरच्या छेदातून करतात; काही वेळा केवळ स्थानिक भूल पुरते.

मर्यादा

बहुतेक रुग्णांचा त्रास औषधे, हालचाल व व्यायाम यांनी काही आठवड्यांत कमी होतो. बाहेर आलेला गर अनेकदा शरीरच शोषून घेते. शस्त्रक्रियेचा लाभ मुख्यतः पायातील कळेला होतो. नुसत्या कंबरदुखीला तो अनिश्चित असतो. छेद लहान असला तरी गादी पुन्हा सरकणे, जंतुसंसर्ग व मज्जातंतूला इजा हे धोके राहतात. लघवी अडणे, गुदद्वाराभोवती बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने जाणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

सातारा व सांगली जिल्हे

कृष्णाकाठच्या या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात मराठवाड्यातून तोडणी कामगार येतात. वाकून ऊस तोडणे व जड मोळ्या डोक्यावरून वाहनात चढवणे यांचा ताण कंबरेवर पडतो. पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ मानतात. त्यामुळे एकाची कंबर धरली की दोघांच्याही मजुरीवर परिणाम होतो आणि घेतलेली उचल फेडणे राहून जाते. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६२) व कराडजवळचे कृष्णा रुग्णालय ही या भागातील मोठी उपचारकेंद्रे होत. अल्पछेदी शस्त्रक्रियेनंतर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ शकतो. मात्र ओझे उचलण्यास काही आठवडे मनाई असते. हंगामी मजुरासाठी छेदाच्या लांबीपेक्षा हा काळच अधिक महत्त्वाचा ठरतो.