तिसरा सिलिंडर

फैजपूर रस्त्यावरच्या या गॅरेजात गाडी आली की मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी मागे जातो आणि सायलेन्सरच्या नळीपुढे तळहात धरतो. चांगल्या इंजिनाची फुंकर हाताला सलग लागते, मिसिंग मारणाऱ्याची मधेच तुटते. चार सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. त्यातला एक गप्प झाला की दर चौथा ठोका गळतो आणि गिअरचा दांडा थरथरू लागतो.

आज आलेल्या पेट्रोल गाडीचे मालक केळीवाले. "भाऊ, आधी सपाटीला काहीच नव्हतं. खिरोद्याहून पालच्या चढाला लागलं की झटके मारायची. आता उभ्या उभ्याही मारते." मिस्त्रीला यातच निम्मं कळलं. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो. प्लगच्या टोकाशी जेमतेम मिलिमीटरभर फट असते, पण त्या दाबात ती ओलांडायला ठिणगीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट कॉईल करते. तेवढी वीज वाटेत कुठे गळत असेल, तर ते आधी चढावरच उघडं पडतं.

स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. कोड आला पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर. सिलिंडर पेटला की दर वेळी क्रँकला धक्का मिळतो. ज्याच्या पाळीला क्रँक किंचित रेंगाळतो, त्याचा नंबर गाडीचा संगणक टिपून ठेवतो. का पेटत नाही, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. ठिणगी नसेल, पेट्रोल येत नसेल किंवा व्हॉल्व्ह नाहीतर रिंगांतून दाब निसटत असेल. इकडे गाड्या बागेच्या कडेला उभ्या असतात, त्यामुळे उंदरांनी वायर कुरतडलेलीही निघते.

यानंतरचं काम मला फार मोलाचं वाटतं, कारण इथे अंदाजाने एकही सुटा भाग विकत आणला जात नाही. मिस्त्रीने तिसऱ्याची कॉईल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसला, गाडी चालू केली. कॉईल खराब असती तर दोष तिच्यामागे दुसऱ्यावर गेला असता. कोड पुन्हा तिसऱ्याचाच आला. कॉईल संशयातून सुटली.

मग गाडी थंड होऊ दिली आणि तिसरा प्लग खोलला. पान्याबरोबर वर आलं ते ऑइल. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो, ती तळाशी ऑइलने भरली होती. प्लगचा पांढरा चिनी मातीचा भाग पुसून त्याने उजेडात धरला. त्यावर वरून खाली केसाएवढी काळी रेघ होती. ठिणगीने फट ओलांडायचं सोडून या रेघेवरून धातूच्या कडेला उतरायची वाट धरली होती, आणि एकदा अशी वाट पडली की वीज तिथूनच जाते.

नवा प्लग टाकून गाडी तेव्हाच देता आली असती. मालकही घाईत होते. पण ऑइल विहिरीत उतरलं ते टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि प्लगच्या नळीची रबरी सील कडक झाल्यामुळे. इंजिनाच्या उष्णतेने रबर वाळतंच. त्यात उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांवर जातो. ती गळती तशीच ठेवली असती तर नवा प्लगही त्याच ऑइलात बसला असता.

झटके खात गाडी ओढत राहणं तर याहून महागात पडतं. न जळलेलं पेट्रोल धुराच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. आतली जाळी त्या उष्णतेने वितळू शकते, आणि तिच्या किमतीत प्लगचे कितीतरी संच येतात. मिस्त्रीने मालकांना हे सांगितलं, कव्हर उतरवलं आणि भुसावळहून पॅकिंग मागवायला फोन लावला.