कोटलर कोणी आणि कुठून वाचावा?

विपणनशास्त्रावरील पुस्तक मागणाऱ्या वाचकाच्या हाती ग्रंथपाल वा पुस्तकविक्रेता बहुधा एकच जाडजूड ग्रंथ ठेवतो : फिलिप कोटलर यांचा ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’. १९६७ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. पुढे केविन लेन केलर सहलेखक झाले, तर अब्राहम कोशी आणि मिथिलेश्वर झा यांच्या सहकार्याने दक्षिण आशियाई आवृत्तीही सिद्ध झाली. मूळचे अर्थशास्त्राचे अभ्यासक असलेल्या कोटलर यांनी विक्रीच्या कलेला निर्णयशास्त्राची बैठक दिली, याविषयी दुमत नाही. प्रश्न निराळाच आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, शाखेत नुकताच रुजू झालेला अधिकारी आणि पंधरा वर्षे गल्ल्यावर बसून आता बँकेच्या कर्जातून दुसरे दुकान थाटू पाहणारा व्यापारी, या तिघांना हा ग्रंथ सारखाच उपयोगी पडेल काय?

पाठ्यपुस्तकाची पारख प्रस्तावनेवरून करू नये. प्रस्तावनेत सर्वांनाच आमंत्रण असते. त्याऐवजी किंमतनिश्चितीचे प्रकरण उघडावे. तेथे टोस्टर बनविणाऱ्या एका कारखान्याचे उदाहरण आहे. स्थिर खर्च तीन लाख डॉलर, प्रत्येक नगाचा बदलता खर्च १० डॉलर आणि अपेक्षित विक्री ५०,००० नग. म्हणजे एका नगाचा एकूण खर्च १६ डॉलर. विक्रीवर २० टक्के नफा हवा असल्यास किंमत किती ठेवावी? नवखा विद्यार्थी १६ वर २० टक्के चढवून १९.२० हे उत्तर काढतो. ग्रंथातील उत्तर आहे २० डॉलर, कारण टक्केवारी खर्चावर नव्हे, विक्रीच्या किमतीवर काढायची आहे. एवढा एक फरक मनात पक्का झाला तरी विद्यार्थ्याचे पैसे वसूल झाले म्हणावयास हरकत नाही.

व्यापाऱ्याला हा फरक बोटांच्या पेरांवर ठाऊक असतो. त्याच्या उपयोगाचा भाग थोडा पुढे आहे. २० डॉलर किमतीला प्रत्येक नगामागे १० डॉलर स्थिर खर्चासाठी उरतात, म्हणून ३०,००० नग विकले की ना नफा, ना तोटा. येथे पुस्तकातील आकड्यांवर आपला हात चालवावा. किंमत दहा टक्क्यांनी उतरवून १८ केली, तर नगामागे ८ च उरतात आणि तोच टप्पा ३७,५०० नगांवर जातो. दहा टक्के सवलतीसाठी पंचवीस टक्के जादा विक्री! किराणा दुकानात तर हे गणित अधिक कठोर होते. ८० रुपयांचा माल १०० ला विकणाऱ्याने दिवाळीनिमित्त दहा टक्के सूट जाहीर केली, की त्याचा नफा २० वरून १० वर येतो. पूर्वीइतकी मिळकत राखण्यास विक्री दुप्पट व्हावी लागते. गर्दी वाढलेली दिसते, गल्ला भरलेला दिसतो, आणि महिनाअखेरीस कर्जाचा हप्ता मात्र थकतो. दोन पानांतून निघणारा हा धडा व्यापाऱ्याला खऱ्या अर्थाने तारणारा आहे. पण पहिल्या पानापासून, व्याख्यांपासून आरंभ केला तर तो तेथवर पोहोचण्यापूर्वीच पुस्तक कपाटात जाण्याची शक्यता अधिक.

नवा अधिकारी वेगळ्याच अडचणीत सापडतो. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेली वस्तू, किंमत, वितरणस्थान आणि प्रसिद्धी ही चौकट तो पाठ करून आलेला असतो. शाखेत येताच लक्षात येते की ठेवींचे व्याजदर आणि कर्जयोजना मुख्य कार्यालयात ठरतात, शाखेची जागाही त्याच्या आधीच ठरलेली असते. त्याच्या हाती उरते काय? याचे उत्तर १९८१ मध्ये बूम्स आणि बिटनर यांनी सेवांसाठी जोडलेल्या तीन घटकांत आहे : माणसे, कार्यपद्धती आणि दृश्य पुरावा. सेवा हाताला लागत नाही, म्हणून ग्राहक तिच्या खुणा शोधतो. खातेदार पासबुकावर ताजी नोंद छापून घेण्यासाठी रांगेत उभा राहतो तो याच पुराव्यासाठी. (पासबुक छापणारे यंत्र ‘बंद आहे’ ही पाटी म्हणूनच कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक बोलकी ठरते.) अधिकाऱ्याने सेवांच्या प्रकरणापासून वाचन सुरू करावे, हे उत्तम.

विद्यार्थ्याने मात्र प्रथम कोटलर आणि गॅरी आर्मस्ट्राँग यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग’ घ्यावे. तेही लहान नाही, परंतु नवशिक्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. भारतीय बाजारपेठेच्या परिचयासाठी रामस्वामी आणि नमाकुमारी यांचा ग्रंथ जवळचा वाटेल. उदाहरणांचे परकेपण ही अमेरिकन पाठ्यपुस्तकांची जुनीच उणीव आहे. १९६९ साली अहमदाबादेत सुरू झालेल्या निरमाने स्वस्त धुलाई पावडरीच्या बळावर बड्या कंपनीला हलविले, ही कथा आपल्या वाचकाला दहा परदेशी दाखल्यांपेक्षा लवकर उमगते.

वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या शाखाप्रमुखाला सबंध ग्रंथाची शिफारस करणे अनाठायी होय. त्याला थिओडोर लेव्हिट यांचा १९६० चा ‘मार्केटिंग मायोपिया’ हा एक लेख पुरेसा आहे. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी आपला धंदा वाहतुकीचा न मानता रेल्वेचा मानला आणि प्रवासी गमावले, असे लेव्हिट यांचे प्रतिपादन. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर काउंटरवरून दिसेनासे झालेले ग्राहक ज्याने स्वतः पाहिले, त्याला या लेखाचे विवरण करून सांगावे लागत नाही.

राहता राहिला प्रश्न आवृत्तीचा. नवी प्रत महाग असते आणि रद्दीच्या दुकानांत जुन्या प्रती थोडक्यात मिळतात. किंमत आणि नफ्याच्या गणितासाठी जुनी आवृत्ती खुशाल घ्यावी. टोस्टरचे आकडे शिळे होत नाहीत. जाहिरात, वितरण आणि ग्राहकसंपर्क यांवरील प्रकरणे मात्र नव्या आवृत्तीतूनच, शक्यतो ग्रंथालयातून आणून, वाचावीत.