माळवदाचे घर: लाकडाचा सांगाडा, मातीचे छत

माळवदाचे घर म्हणजे आत लाकडाचा सांगाडा, त्यावर मातीचे सपाट छत आणि भोवती दगडमातीची जाड भिंत. नांदेड, लातूर, धाराशिव या पट्ट्यातील जुन्या गावठाणांत अशी घरे आजही दिसतात. नांदेडजवळ गोदावरीकाठच्या विष्णुपुरीत आता विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय रुग्णालय यांच्या काँक्रीटच्या इमारती उभ्या आहेत; त्याआधी या भागातला बांधकामाचा रिवाज माळवदाचाच होता. बाहेरून पाहणाऱ्याला जाडजूड भिंतच घराचा आधार वाटते. नीट बांधलेल्या घरात मात्र छताचा भार लाकूड पेलते, आणि घर किती टिकणार हेही त्यावरच ठरते.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून तिथले छप्पर उतरते आणि कौलारू. नांदेडकडे पाऊस सरासरी ९०० मिलिमीटरच्या घरात, लातूरकडे त्याहून कमी, आणि उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा हवेत पाण्यापेक्षा उन्हाचा त्रास मोठा. मातीचा जाड थर दुपारची उष्णता अडवून धरतो. ती आत उतरेपर्यंत रात्र होते आणि घरातली माणसे माळवदावर झोपायला गेलेली असतात. शिवाय धान्य, मिरच्या, पापड वाळवायला तेच अंगण.

सामान जवळपासचेच असे. काळा दगड सगळीकडे. सागवान नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या जंगलातले, तर साध्या घरांत बाभूळ आणि कडुनिंब. काम गवंडी, वडार आणि सुतार मिळून करत.

पहिली अडचण जमिनीची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. त्यावर दगडी जोते येते. नदीकाठच्या गावात ते उंच घेतात, म्हणजे पुराचे पाणी आणि पावसाळी ओल दोन्ही खाली राहतात.

जोत्यावर खांबांच्या जागी दगडी उथळे बसवतात. खांब सरळ मातीत पुरत नाहीत. उथळ्यामुळे बुंध्याला ओल पोचत नाही आणि वाळवीला वर चढण्याची वाट कमी मिळते. खांबाच्या डोक्याला चौकोनी कुसू काढलेला असतो. तो आडव्या लाकडी हाताच्या खाचेत बसतो, हातावर तुळई येते आणि तुळयांवर जवळजवळ अंतराने कड्या. सांध्यांना खिळे फारसे नसतात. वरचा भारच त्यांना दाबून ठेवतो. श्रीमंताच्या वाड्यात हातांवर कमळे, पोपट, वेलबुट्टी कोरलेली असते, साध्या घरात तोच हात नुसता तासलेला.

दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घराचा आकार खोल्यांवरून नव्हे, खणांवरून सांगतात: तीन खणी, पाच खणी, सात खणी. तुळईला जितके अंतर झेपेल तितकाच खण, त्यामुळे लाकडाच्या लांबीनेच घराचे माप ठरते. घर वाढवायचे तर खण वाढवायचे.

सर्वांत कष्टाचे काम छताचे. कड्यांवर लाकडाच्या आखूड ढलप्या, म्हणजे किलचा, आडव्या रचतात. ऐपत असेल तर त्यांच्याऐवजी सलग फळ्यांची तक्तपोशी करतात. त्यावर कडुनिंबाचा पाला पसरतात, त्याने वाळवी आणि किडे दूर राहतात. मग भुसा घालून मळलेला चिखल थापतात. सर्वांत वर पांढरी माती. ही माती जुन्या वस्त्यांच्या टेकाडांवरून आणतात. पिढ्यानपिढ्यांच्या राखेची आणि शेणामातीची ती बनलेली असल्याने काळ्या मातीसारखी फुगत-भेगाळत नाही, आणि धुमसली की पाणी सहज आत घेत नाही. याच खोदकामात अनेक ठिकाणी जुनी नाणी आणि खापरे वर आली, तशी टेकाडेही खचली.

छताला डोळ्यांना जाणवणार नाही इतका ढाळ देऊन पाणी पन्हाळ्यांकडे वळवतात. पन्हाळे भिंतीपासून बरेच पुढे काढलेले असतात, नाहीतर धार भिंतीच्या पायाशीच पडेल. कडेने वरवंडी असते. उजेडासाठी आणि चुलीचा धूर जाण्यासाठी छतात सवणे ठेवतात. पाऊस आला की त्यावर झाकण सरकवायचे.

सांगाडा उभा राहिला की भिंती भरतात. दोन ते तीन फूट, कुठे त्याहूनही जाड. भिंतीच्या बाहेरचा आणि आतला असे दोन पदर मोठ्या दगडांचे, मधली पोकळी लहान दगड आणि मातीने भरलेली. काही ठिकाणी मातीचे भेंडे वापरतात. जाडीत कोनाडे आणि देवळ्या निघतात, धान्यासाठी बळद निघते. मोठ्या घरात दाराशी ढाळज, पुढे चौक, त्याभोवती ओसरी आणि मागे माजघर व स्वयंपाकघर. बाहेरच्या भिंतीला खिडक्या मोजक्याच. उजेड-वारा चौकातून आणि सवण्यांतून येतो.

दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, माळवदावर नवी पांढरी माती टाकून चोपण्याची रीत आहे. नव्या थराआधी जुना थर काढला नाही, तर छत वर्षावर्षाला जाड होत जाते. हिशेब सोपा आहे. घनमीटर मातीचे वजन साधारण १,७०० किलो धरले, तर दीड फूट जाडीचे माळवद चौरस मीटरला सुमारे ७५० किलो भरते. दोन मीटर लांब-रुंद एका खणावर तीन टन. पाण्याने भिजल्यावर त्याहून जास्त. सागवान हा स्थिर भार पिढ्यानपिढ्या पेलते. आडवा धक्का ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

तो धक्का ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी बसला. किल्लारीजवळच्या त्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचे विसर्जन होऊन गावे झोपली होती. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या विभागात घेतला गेला.

सर्वाधिक घात दगडमातीच्या भिंतींनी केला. आतल्या-बाहेरच्या पदरांना जोडणारे आरपार दगड नसल्याने हादऱ्यात दोन्ही पदर सुटे झाले आणि फुगून कोसळले. जिथे छत भिंतीवरच टेकवलेले होते तिथे टनावारी माती थेट खाली आली. जिथे खणांचा लाकडी सांगाडा पुरा होता तिथे भिंती ढासळूनही काही घरांचे छत खांबांवर तसेच राहिले. पण तुळई-खांबांना तिरके आधार नसतात, म्हणून जुने, किडलेले किंवा सांधे सैल झालेले सांगाडे आडवे झालेच.

भूकंपाच्या प्रदेशांत लाकडाला असे तिरके बळ देण्याची पद्धत जुनी आहे. १७५५ च्या भूकंपानंतर पुन्हा बांधलेल्या लिस्बनमध्ये भिंतींच्या आत तिरक्या तुकड्यांनी बांधलेला लाकडी पिंजरा घालू लागले. काश्मीरमधल्या धज्जी-देवारी घरांत लाकडी चौकटीचे लहान लहान चौकोन दगडमातीने भरतात. २००५ च्या भूकंपात ती घरे इतर दगडी घरांपेक्षा बरी टिकली. मराठवाड्यात आडव्या हादऱ्याची आठवणच नव्हती, म्हणून सुताराने उभा भार पेलण्याची विद्या वाढवली.

किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. उरलेल्या गावांत जुनी घरे मजबूत करण्याचे कामही झाले. त्याचे उपाय थोडे आणि सोपे आहेत. माळवदावरची जादा माती उतरवून थर पातळ करायचा. भिंतीत ठराविक अंतराने छिद्रे पाडून काँक्रीटचे आरपार दगड बसवायचे. छताच्या पातळीला भिंतीभोवती काँक्रीटचा सलग पट्टा फिरवायचा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके आधार ठोकायचे. अशा कमी ताकदीच्या बांधकामांसाठी भारतीय मानक संस्थेची दोन मार्गदर्शक मानकेही १९९३ सालचीच आहेत: मातीच्या घरांसाठी १३८२७ आणि दगडविटांच्या घरांसाठी १३८२८.

आज नवीन माळवद क्वचितच बांधले जाते. चांगले सागवान महाग झाले, पांढरी माती आणणे आणि दरवर्षी छत चोपणे कुणाला परवडत नाही. मोडलेल्या वाड्यांचे खांब आणि चौकटी जुन्या लाकडाच्या बाजारात जातात. जी घरे राहती आहेत, त्यांत तीन गोष्टी पाहाव्या लागतात: भिंतीत गाडल्या गेलेल्या खांबांचे बुंधे ओलीने कुजले आहेत का, पन्हाळ्यांचे पाणी जोत्याशी मुरते आहे का, आणि छतावर मातीचे किती थर साचले आहेत. ही तिन्ही कामे पावसाळ्याआधी उरकली, तर सागवानी सांगाडा पुढच्या पिढीलाही पुरतो.