शितावरून भात, पण शीत कोणतं?

भात शिजला का हे पाहायला आपण एकच शीत दाबतो. देशात किती जणांचा रक्तदाब वाढलेला आहे, किती जण तंबाखू खातात, हेही असंच पाहतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातली सुमारे 6 लाख 37 हजार घरं होती.

बीडमध्ये खरी मेख शीत निवडण्यात आहे. दिवाळीच्या सुमारास इथली ऊसतोड कुटुंबं कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. वाडी-तांड्यांवर मागे राहतात ती बहुतेक म्हातारी माणसं. तेव्हा फक्त उघड्या दारांत विचारपूस केली तर? रक्तदाब वयाबरोबर वाढतो, त्यामुळे गावाचा आकडा फुगेल. आणि फडात राबणाऱ्या तरुणाच्या तळहातावरच्या तंबाखूची नोंदच होणार नाही.

म्हणून आधी गावातल्या सगळ्या घरांची यादी करतात आणि ठरावीक अंतराने 22 घरं निवडतात. गावात 220 घरं असली, तर दर दहावं. निवडलेल्या घराला कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घेता येत नाही. परत यावं लागतं. मला हा नियम सगळ्यांत मोलाचा वाटतो.

रक्तदाबसुद्धा तीनदा मोजतात, मध्ये थोडं थांबून. अनोळखी माणसानं दंडाला पट्टा गुंडाळला की पहिला आकडा अनेकदा चढतो.

निवडलेल्या घरांत कधी तुमचं घर आलं, तर सर्वेक्षणाला आलेल्या माणसांना वेळ द्या. तुमच्याऐवजी त्यांना दुसरं दार ठोठावता येत नाही.