इथला मृग दिवाळीत येतो

रोप लावायचं ते मृगात, हे आपल्या अंगात मुरलेलं. त्याच सवयीने मी अल अझीझियातल्या गच्चीवर पांढऱ्या अगापँथसची पहिली कुंडी जूनमध्ये भरली. पुस्तकात ‘भरपूर ऊन हवं’ असं होतं. पानं करपली. घाबरून रोज पाणी घातलं, तर मुळंही कुजली. पुस्तक इंग्लंडच्या उन्हासाठी लिहिलेलं होतं. कतारमध्ये जूनचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, हे मी विसरलो.

अगापँथस मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. ग्रीक नावाचा अर्थ प्रेमाचं फूल. त्याला आफ्रिकन लिली म्हणतात, पण ती खरी लिली नव्हे. तिच्यासारखा कांदाही नसतो. जाड, मांसल मुळं असतात. त्यांत पाणी साठतं, म्हणून झाड थोडी तहान सोसतं. साचलेलं पाणी मात्र सोसत नाही.

तेव्हा मृग विसरा. इथे उकाडा ओसरतो तो दिवाळीच्या सुमारास. तेव्हा लावलेल्या रोपाला मुळं धरायला पुढचे चार-पाच महिने मिळतात. बारा महिने हिरवी राहणारी जात घ्या. कुंडी फिकट रंगाची, तळाला भोकं असलेली हवी. काळं प्लास्टिक उन्हात तापून मुळं शिजवतं. माती, कंपोस्ट आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात घ्या. फार मोठी कुंडी नको, मुळं दाटली तरी फुलं येतात. व्हिलाच्या अंगणात लावायचं तर पूर्वेच्या भिंतीलगत वाफा उंच करून बाहेरची माती भरा. इथली जमीन चुनखडीची आणि बरेचदा खारट असते. सकाळचं ऊन मिळावं, दुपारी सावली. बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्या. झाडाचा कुठलाही भाग पोटात जाऊ नये. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जपा.

खरी परीक्षा जुलैत. आपण सगळे सुट्टीला गावी जातो आणि कुंड्या गच्चीवर तळत राहतात. जाण्याआधी कुंडी आत, उजेडाच्या खिडकीशी आणा आणि शेजाऱ्यांकडे किल्ली द्या. आठवड्याला एकदा पाणी घालायचं, एवढंच सांगा. मायेने रोज घालू नका, हेही सांगा.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर झाड उपटू नका. नव्या रोपाला दोन-तीन वर्षंही लागतात. या दिवाळीत नातवंडांच्या हातून एक कुंडी भरून घ्या. पाणी कधी घालायचं, ते त्यांनाच बोट खुपसून ठरवू द्या.