पाव सेकंदाची वजाबाकी

कांदिवलीच्या चारकोपची घरं बैठी होती तेव्हाची गोष्ट. सकाळी ओट्याजवळच्या रेडिओवर प्रादेशिक बातम्या लागायच्या आणि नेमका त्याच वेळी आईचा मिक्सर सुरू व्हायचा. खर्रर्र! आमचा बंद असला तरी खरखर यायचीच, कारण भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंची चटणी वाटली जात असायची. मिक्सरच्या मोटारीतले कार्बन ब्रश ठिणग्या पाडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकलं रेडिओ प्रक्षेपण असतं, हे पुढे कॉलेजात कळलं. आता त्याच प्लॉटांवर मजले चढले, घरोघरी वायफाय आलं, गच्च्यांवर मोबाइलचे टॉवर आले. रेडिओ दुर्बिणीच्या कानाने ऐकलं तर चारकोपमध्ये बारमाही विसर्जन मिरवणूक चालू आहे.

प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएमआरटी ही दुर्बीण उभारली ती अशा गोंगाटापासून लांब, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडदला. आजूबाजूचे डोंगर शहरी रेडिओ गोंगाट बराच अडवतात. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यातल्या 14 मध्यभागी आणि 16 इंग्रजी वायच्या आकारात दूरवर पसरलेल्या. जवळून पाहिलं तर तबकडी भरीव नाही, बारीक तारेची जाळी आहे. भोकं एक-दोन सेंटिमीटरची. आमच्या गॅलरीतल्या कबुतरांच्या जाळीची आठवण व्हावी अशी. रेडिओ लहरींची लांबी या भोकांच्या कितीतरी पट असते, त्यामुळे त्यांना ही जाळी म्हणजे भिंतच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला.

29 जून 2023 रोजी ही दुर्बीण जगभरच्या बातम्यांत आली. विश्वात गुरुत्वीय लहरींची एक संथ गुणगुण भरून राहिली असल्याचे पुरावे अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनी एकाच वेळी मांडले. युरोपीय गटाबरोबर होता ‘इनपीटीए’ हा भारतीय-जपानी गट आणि त्याची दुर्बीण खोडदची. या लहरींचा एकेक हेलकावा काही वर्षांचा, कधी दशकांचा असतो. एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या त्या उठवत असाव्यात, असा सगळ्यांचा पहिला संशय आहे. हिंगोलीत औंढ्याजवळ होऊ घातलेल्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला त्या ऐकू येणार नाहीत. त्याचा कान सेकंदाला दहावीस ते हजारो हेलकाव्यांचा आहे.

मग ऐकायचं कसं? घड्याळांनी. पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगरणारा मृत तारा, प्रत्येक फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका देणारा. जे1909-3744 नावाचा पल्सार सेकंदाला 339 फेऱ्या मारतो आणि तेही इतक्या नेमाने की पुढच्या ठोक्याची वेळ आधीच सांगता येते. गुरुत्वीय लहरीने मधलं अवकाश ताणलं-आकसलं तर ठोका काही शे नॅनोसेकंद मागेपुढे होतो.

पण उशीर झाला म्हणजे लाटच आली असं नाही. कांदिवली स्टेशनवरचं घड्याळ पुढे असेल तर विरारची आणि चर्चगेटची, दोन्ही गाड्या सारख्याच लेट दिसतील. गुरुत्वीय लहरीचा उशीर वेगळा असतो. आकाशात शेजारी असलेल्या दोन पल्सारांचे ठोके एकसारखे हलतात, काटकोनात असलेल्यांचे थोडे उलटे, समोरासमोर असलेल्यांचे पुन्हा काहीसे मिळतेजुळते. हा आराखडा हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी 1983 मध्येच मांडून ठेवला होता. 2023 मध्ये दिसू लागला तो हाच.

खोडदचा वाटा मला यापेक्षाही मोलाचा वाटतो, आणि बातम्यांत तोच एका ओळीत उरकला गेला. पल्सार आणि आपल्यामध्ये विरळ विद्युतभारित वायू आहे. त्यातून कमी कंप्रतेच्या लहरी जास्त रखडतात. जे1909चाच ठोका 1400 मेगाहर्ट्झला येतो त्यानंतर जवळपास पाव सेकंदाने 400 मेगाहर्ट्झला पोहोचतो. शोधायचे आहेत नॅनोसेकंद आणि रस्त्यातच चुकतोय पाव सेकंद! शिवाय हा वायू दर महिन्याला तसाच राहत नाही. हिशेबात तो जितका नेमका वजा कराल तितकं मागचं खरं दिसेल. त्याचा परिणाम सर्वांत ठळक दिसतो तो कमी कंप्रतेला आणि 300 ते 500 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जीएमआरटीचा हात धरणारे थोडेच. युरोपच्या पाच मोठ्या दुर्बिणींकडे 25 वर्षांच्या नोंदी होत्या, इनपीटीएकडे जेमतेम साडेतीन वर्षांच्या. तरी ही वजाबाकी कामी आली.

या मंडळींनी ‘शोध लागला’ असं म्हटलं नाही, ‘पुरावा’ म्हटलं. निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता त्यांच्या हिशेबात साधारण हजारात एक होती. भौतिकशास्त्रात शोध म्हणायला पस्तीस लाखांत एक लागते. म्हणून आता सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करून पुन्हा गणित मांडणं चालू आहे.

घाई करून भागणार नाही, कारण लाटच सावकाश आहे. पंधरा वर्षांचा हेलकावा धरला, तर आईच्या त्या मिक्सरपासून आजपर्यंत चारकोपवरून अशी लाट दोनदाच काय ती पूर्ण वरखाली झाली असेल.