आज्ञावलीतील मराठी अक्षर

संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे माणसांनी आपापसांत ठरवावयाचे असते. १९६३ साली अमेरिकेत असा एक संकेत ठरला. त्याचे नाव आस्की. त्यात जागा अवघ्या १२८. इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राच्या काही खुणा एवढ्यातच त्या भरल्या. 'म'ला तेथे जागा नव्हती. पण फ्रेंचांच्या स्वरचिन्हांकित अक्षरांनाही नव्हती, तेव्हा अन्याय काही आपल्या एकट्यावर झाला नाही.

पुढे युनिकोडने निरनिराळ्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक दिले, आणि १९९२ साली केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी ते साठविण्याची यूटीएफ-८ ही रीत काढली. या रीतीत 'म' म्हणजे २२४, १६४, १७४ असे तीन आकडे. हेच आकडे पश्चिम युरोपच्या जुन्या कोष्टकाने वाचले, तर 'म'च्या जागी तीन भलतीच चिन्हे उमटतात. फाइल बिघडलेली नसते. वाचणारा चुकीचे कोष्टक घेऊन बसलेला असतो.

पायथन भाषेच्या २.५ या आवृत्तीत, म्हणजे २००६ साली, हा प्रश्न कडकपणे सोडविला गेला. आज्ञावलीत एखादी मराठी टीप असली, तरी पहिल्या दोन ओळींत कोष्टकाचे नाव सांगावे लागे. न सांगितल्यास यंत्र सरळ अडून बसे. वास्तविक टीप ही माणसांसाठी, यंत्राने तिचा अर्थ लावावयाचाच नसतो! २००८ सालच्या तिसऱ्या पिढीने यूटीएफ-८ गृहीत धरले आणि ही कटकट मिटली.

नावांची गोष्ट निराळी. आज्ञावलीत प्रत्येक राशीला नाव द्यावे लागते. पायथनच्या तिसऱ्या पिढीत 'किंमत' हे नाव चालते. गूगलच्या गो भाषेत 'दर' चालते, 'किंमत' चालत नाही. तेथील नियम असा, की नावात अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढीच असावीत. आणि युनिकोडच्या वर्गवारीत वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरे नव्हेत, जोडचिन्हे होत. गंमत अशी, की या भाषेच्या जनकांत तेच रॉब पाइक आहेत.

नियमामागे कारण आहे. नुक्ता दिलेला 'क' एका क्रमांकाने लिहिता येतो, तसाच दोन क्रमांकांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला ती दोन वेगळी नावे. पायथन अशी रूपे आधी एकरूप करून घेते. गोने जोडचिन्हांना दारच बंद केले. मला पायथनचा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. काना, मात्रा, वेलांटीविना मराठी हिशेब मांडावयाचा, तर 'दर', 'कर', 'वजन' अशा मोजक्या शब्दांचीच शिदोरी हाती उरते.